मनाचा प्रथमोपचार झाला, पुढे कोण?

देशभरातील आशा सेविका घरोघरी जाऊन तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा एक तपासणी अर्ज भरतात. तंबाखू, दारू, कमरेचा घेर, रक्तदाब, क्षय, कर्करोग अशा प्रश्नांची रांग संपली की अर्जाच्या अखेरीस दोन प्रश्न येतात. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला आहे का? मन उदास किंवा हताश असते का? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली, तर त्या व्यक्तीला आरोग्य केंद्राकडे पाठवायचे. स्वतंत्र भारतातील सरकारने खेड्यातील माणसाला त्याच्या उंबरठ्यावर जाऊन ‘तुझे मन कसे आहे’ असे विचारण्याची ही जवळजवळ पहिलीच वेळ असावी. हा बदल मोठा आहे आणि त्याची पुरेशी दखल घेतली गेलेली नाही.

प्रश्न विचारणारी स्त्री त्याच गावातील असते. बहुधा आठवी-दहावी शिकलेली, पूर्ण पगाराची नोकरी नसलेली, लसीकरणापासून बाळंतपणापर्यंत सगळ्याच्या नोंदी डोक्यावर घेऊन फिरणारी. अशा स्त्रियांना मनाच्या प्रथमोपचाराचे शिक्षण द्यावे, हा विचार आता सरकारी कागदपत्रांतही रुळला आहे. अंगणवाडी सेविका, वृद्धांची देखभाल करणाऱ्या मदतनीस, रुग्णांच्या उशाशी रात्री जागणाऱ्या आया यांनाही तो लागू होतो. माझा या विचाराला पाठिंबाच आहे. माझी तक्रार आहे ती प्रशिक्षणाचा दिवस संपल्यावर जे घडते, किंवा घडत नाही, त्याविषयी.

असे एक शिबिर मी कृष्णराजनगर तालुक्यात पाहिले. म्हैसूरपासून सुमारे ४० किलोमीटरवर, हासनकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, कावेरीच्या काठचे हे गाव. त्याचे जुने नाव येडतोरे. म्हैसूरचे महाराज नाल्वडी कृष्णराज वडियार यांच्या नावाने ते आज ओळखले जाते. कालव्याच्या पाण्यावर दूरवर भातखाचरे पसरलेली. शेतीतील हताशा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे भेगाळलेली जमीन येते. ती प्रतिमा इथे उपयोगाची नाही. पाणी असलेल्या मुलखातही कर्ज असते, पडलेला भाव असतो, दारू असते, मुलगी परत माहेरी आलेली असते आणि घराच्या कोपऱ्यात कीटकनाशकाची बाटली असतेच. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२च्या आकड्यांनुसार देशात त्या वर्षी १,७०,९२४ आत्महत्या झाल्या. शेतीशी संबंधित ११,२९० आत्महत्यांत महाराष्ट्र पहिला होता आणि कर्नाटक दुसरा.

शिबिर एका दिवसाचे होते, कन्नडमधून. सभागृहात आशा सेविका अधिक, काही अंगणवाडी सेविका, आणि मागच्या रांगेत म्हैसूरमधील घरांत वृद्धांची शुश्रूषा करायला रोज सकाळी जाणाऱ्या चारपाच बायका. मला कन्नड जेमतेम समजते. शेजारी बसलेल्या मित्राने अर्थ सांगण्याचे काम केले. तरी एक शब्द मला दिवसभर अनुवादाशिवाय कळत राहिला. ‘बेजारु’. अर्जावरील ‘उदास’ आणि ‘हताश’ हे शब्द बायका वाचत होत्या, पण उदाहरणे देताना मात्र प्रत्येकीच्या तोंडी बेजारु यायचे. मनस्सिगे बेजारु, म्हणजे जीव बेजार झालाय. मराठी वाचकाला हा शब्द परका वाटणार नाही. त्याच्या जोडीला ‘तले बिसी’, म्हणजे डोके तापले आहे, आणि ‘निद्दे बरल्ल’, म्हणजे झोप येत नाही. खेड्यातील नैराश्य पुष्कळदा असे शरीराच्या वाटेने बोलते. आपल्याकडेही बाई दवाखान्यात ‘अंगात त्राण नाही’ म्हणून येते आणि शक्तीचे इंजेक्शन घेऊन परत जाते. शिकवणाऱ्या तरुण समुपदेशिकेने हे ओळखले आणि अर्ज बाजूला ठेवून फळ्यावर याच शब्दांची यादी केली. माझ्या मते त्या दिवसाचे सर्वात चांगले काम तेच होते.

दुपारनंतर अवघड विषय आला. समोरच्या माणसाला जीव द्यावासा वाटतो आहे अशी शंका आली, तर ते सरळ विचारावे, आडून विचारू नये, असे समुपदेशिकेने सांगितले. सभागृहात चुळबुळ झाली. विचारल्याने नसलेला विचार मनात भरेल ही भीती सर्वत्र आढळते. संशोधन तिला आधार देत नाही. हे तिने समजावले आणि बायकांना ते पटलेही. मग एका आशा सेविकेने हात वर केला. ती म्हणाली, ‘मी विचारलं आणि ती हो म्हणाली. मग मी काय करायचं?’

तो प्रश्न काल्पनिक नव्हता, हे चहाच्या वेळी कळले. तिच्या गावातील एका सुनेने काही महिन्यांपूर्वी तिला खरोखरच ‘हो’ म्हटले होते. कोणतेही शिबिर झालेले नसताना त्या बाईने जे केले, ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात शोभावे असे आहे. ती सुनेजवळ बराच वेळ बसली. निघताना ‘आमच्याकडचं औषध संपलंय, मारायचं राहिलंय’ असे सासूला सांगून तणनाशकाची बाटली उसनी मागून घेऊन गेली. घरात भांडण नाही, बोभाटा नाही. पण तज्ज्ञ डॉक्टरांचा वार पुढच्या आठवड्यात होता. सुनेला घेऊन जायचे तर घरी काय कारण सांगायचे, तेही ठरत नव्हते. ते सगळे दिवस ती रोज काहीतरी निमित्त काढून त्या घरी डोकावत राहिली आणि स्वतः झोपली नाही. हे तिने कोणाला सांगितले? कोणालाच नाही. सुनेची लाज जाईल म्हणून नवऱ्यालाही नाही. सून आज बरी आहे. बाटली अजून आशाताईच्या माळ्यावर आहे.

आपण ज्याला मनाचा प्रथमोपचार म्हणतो, त्याची आजची कल्पना ऑस्ट्रेलियातून आली. कॅनबेरा येथे २००० साली बेटी किचनर या परिचारिकेने आणि अँथनी जॉर्म या संशोधकाने हा अभ्यासक्रम सुरू केला. हाड मोडलेल्याला डॉक्टरकडे नेईपर्यंत शेजारी जसा फळीला हात बांधून देतो, तसे मनाच्या बाबतीत का नको, ही त्यामागची साधी भूमिका. जवळ जा, धोका ओळखा, न्याय न करता ऐका, धीर आणि माहिती द्या, योग्य उपचारांकडे आणि जवळच्या माणसांकडे पोहोचवा. आज तो अनेक देशांत शिकवला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये आपत्तीतील कार्यकर्त्यांसाठी काढलेल्या मार्गदर्शिकेत हेच तीन शब्दांत आणले: पाहा, ऐका, जोडा.

पहिले दोन शब्द शिबिरात शिकवता येतात. तिसऱ्यासाठी जोडायला काहीतरी असावे लागते. ऑस्ट्रेलियात तसे काही असण्याची शक्यता पुष्कळ अधिक आहे. आपल्याकडे २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले, आणि निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. मध्य प्रदेशात लाखामागे ०.०५ मानसोपचारतज्ज्ञ, केरळात १.२. आणखी एक गोष्ट प्रशिक्षणाच्या उत्साही प्रचारकांनी लक्षात घ्यावी. कॉक्रेन या नामांकित संस्थेने २०२३ मध्ये अशा अभ्यासक्रमांवरील चाचण्यांचा आढावा घेतला. प्रशिक्षण घेणाऱ्याचे ज्ञान आणि आत्मविश्वास वाढतो असे अनेक अभ्यास सांगतात. परंतु ज्याला मदत केली त्याचे मन त्यामुळे सुधारते का, याविषयी ठाम निष्कर्ष काढण्याजोगा पुरावा त्या आढाव्याला मिळाला नाही.

यावरून हे शिक्षण निरुपयोगी आहे असा अर्थ काढणारे लोक मला भेटले आहेत. तो अर्थ चुकीचा आहे, आणि ते सिद्ध करायला परदेशी जावे लागत नाही. कर्नाटक पुरेसे आहे.

म्हैसूर संस्थानाच्या काळातील बंगळुरूचे मनोरुग्णालय आणि १९५४ची अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था यांच्या एकत्रीकरणातून १९७४ मध्ये निम्हान्स उभी राहिली. लगोलग तिथल्या डॉक्टरांनी बंगळुरूजवळच्या साकलवारा येथे ग्रामीण केंद्र काढले. गावातील आरोग्यसेवक आणि प्राथमिक केंद्रातील साधा डॉक्टर मानसिक आजार कितपत हाताळू शकतात, हे त्यांना पाहायचे होते. त्याच सुमारास चंदीगडच्या संस्थेने हरियाणातील रायपूर रानी येथे असाच प्रयोग केला. दोन्हींच्या अनुभवावर १९८२चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आधारला गेला, आणि १९८५ ते १९९० या काळात बेल्लारी जिल्ह्यात त्याची कसोटी लागली. ‘बेल्लारी प्रारूप’ या नावाने ते आजही अभ्यासले जाते. १९९६ पासून देशभर पसरलेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे त्याचेच अपत्य.

बेल्लारीत आरोग्यसेवकांना शिकवले गेले, हे सर्वांच्या लक्षात राहिले. त्यासोबत मोजक्या आवश्यक औषधांचा साठा केंद्रांवर सतत ठेवला गेला, सोपी नोंदवही दिली गेली, महिन्याच्या महिन्याला अहवाल मागवले गेले, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी अडचण विचारायला मानसोपचारतज्ज्ञ होता, हे मात्र विस्मरणात गेले. कार्यक्रम जिल्ह्याजिल्ह्यांत पसरला तेव्हा शिकवण्याचा भाग सहज पसरला, कारण तो सभागृहात उरकतो, त्याचे छायाचित्र निघते आणि उपस्थितांची संख्या अहवालात भरता येते. औषधाचा साठा आणि अडचण विचारायला माणूस या गोष्टींचे छायाचित्र निघत नाही.

गोव्याचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. तिथल्या ‘संगत’ या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत वैद्यकीय पदवी नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी नैराश्याच्या रुग्णांना दिलेली मदत सरकारी आरोग्य केंद्रांत परिणामकारक ठरली. नंतरच्या प्रयोगात अशा समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांचा उपचार दिला. त्यात मला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो तो एक कंटाळवाणा तपशील: हे समुपदेशक नियमितपणे एकत्र बसत, आपल्या बैठकांची ध्वनिमुद्रणे एकमेकांसमोर ऐकत आणि गुण देत. म्हणजे चुकले कुठे, हे कळायची जागा होती. आणि जे ऐकले त्याचे ओझे उतरवण्याचीही.

विदर्भातील ‘विश्राम’ प्रकल्प मराठी वाचकांना ठाऊक असायला हवा, पण फारच थोड्यांना असतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत गावकार्यकर्त्या, समुपदेशक आणि डॉक्टर अशी उतरंड बांधली गेली. नैराश्य असलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोहोचलेल्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून दीड वर्षात २७.२ टक्क्यांवर गेले. नाशिकच्या पेठ तालुक्यात ४१ गावांत पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीच्या केंद्राने ‘आत्मीयता’ प्रकल्प राबवला; तो पुढे गुजरातेत मेहसाण्याला गेला. महाराष्ट्र सरकारनेही २०१५ मध्ये आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ आणला आणि आशा सेविकांना घरोघरी प्रश्नावली घेऊन पाठवले. तेव्हा ज्ञानाची उणीव आहे, असे म्हणायला आता जागा नाही.

कर्नाटकने काही गोष्टी चांगल्या केल्या आहेत, तेही सांगितले पाहिजे. २०१४ पासून ‘मनोचैतन्य’ योजनेखाली ठरलेल्या मंगळवारी तालुका रुग्णालयांत मानसोपचारतज्ज्ञ येतात. तीर्थहळ्ळी आणि तुरुवेकेरे तालुक्यांत निम्हान्सने स्किझोफ्रेनियासारख्या गंभीर आजारांच्या रुग्णांचा वर्षानुवर्षे गावपातळीवर पाठपुरावा केला. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या दूरध्वनी सेवेचे मुख्य केंद्रही निम्हान्समध्येच आहे. १४४१६ हा क्रमांक फिरवला की कन्नड, मराठी आणि इतर अनेक भारतीय भाषांत विनामूल्य बोलता येते. शिबिरात प्रत्येकीच्या वहीत तो लिहून घेतला गेला. रात्री अकराला तो फार कामाचा आहे. परंतु त्या सुनेच्या हाती स्वतःचा फोन नव्हता, आणि सासूच्या फोनवरून असा क्रमांक लावणे कसे शक्य होते? आशाताई तिच्या वतीने फोन करू शकली असती. तसे करता येते, हे तिला कोणी सांगितले नव्हते.

मागच्या रांगेतील बायकांविषयी थोडे वेगळे लिहायला हवे. म्हैसूर हे निवृत्तांचे शहर आहे. मुले बंगळुरूला किंवा अमेरिकेत, आणि प्रशस्त घरात दोघे वृद्ध. त्यांच्या अंघोळी, औषधे, रात्रीचे उठणे हे सारे आसपासच्या तालुक्यांतून येणाऱ्या या मदतनीस सांभाळतात. देशात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अलीकडचा अंदाज आहे. आजोबा चोरीचा आळ घेतात, आजी रात्रभर कोणालातरी हाका मारते, हे आजाराचे लक्षण आहे की स्वभाव, हे या बायकांना कोणी सांगितलेले नसते. आळ मात्र त्यांच्यावर येतो. आशा सेविकेला निदान एक खाते आहे, वरिष्ठ आहेत, संघटना आहे. एजन्सीमार्फत कामाला लागलेल्या मदतनिशीला यांपैकी काही नाही. त्यांतील एक जण म्हणाली की आजोबा वारल्यावर तिला तीन दिवस जेवण गेले नाही, आणि चौथ्या दिवशी एजन्सीने दुसऱ्या घरी पाठवले. काळजी घेणाऱ्याच्या दुःखाला आपल्याकडे रजा नाही.

आशा सेविकांची स्थिती काय आहे? २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ही रचना आली. अंगणवाडी त्याहून ३० वर्षे जुनी, आणि देशातील पहिल्या ३३ प्रकल्पांपैकी एक याच म्हैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूरला सुरू झाला होता. एप्रिल २०२० मध्ये करोनाची माहिती गोळा करणाऱ्या आशा सेविकेवर बंगळुरूच्या एका वस्तीत हल्ला झाला. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटकातील हजारो आशा थंडीत बंगळुरूच्या फ्रीडम पार्कमध्ये दिवसरात्र बसल्या, तेव्हा महिन्याला किमान १०,००० रुपयांचे आश्वासन पदरात पडले. सरकारच्या लेखी त्या अजूनही स्वयंसेविका आहेत. दुसऱ्याच्या मनाचा भार वाहण्याचे काम त्यांच्यावर सोपवताना हा शब्द मला अधिकच बोचतो.

कायद्याचे बंधन मात्र स्पष्ट आहे. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसोपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला. सरकारी आरोग्य संस्थांतील सर्व वैद्यकीय अधिकाऱ्यांना मूलभूत आणि तातडीच्या मानसोपचारांचे प्रशिक्षण द्यावे, असे तो सांगतो. लोकसंख्येच्या प्रमाणात तज्ज्ञांची संख्या आंतरराष्ट्रीय निकषापर्यंत नेण्यासाठी त्याने दहा वर्षांची मुदतही घातली. कायदा २९ मे २०१८ रोजी अमलात आला. मुदत २०२८च्या मे महिन्यात संपते. ती पाळली जाईल असे मानणारा अधिकारी मला अद्याप भेटलेला नाही. म्हैसूरमध्ये निम्हान्सच्या धर्तीवर संस्था उभारण्याची घोषणा कर्नाटकच्या २०२५च्या अर्थसंकल्पात झाली, तिचे स्वागतच आहे. इमारत मात्र उभी राहायला वर्षे लागतात, आणि कृष्णराजनगरच्या सुनेला तोवर थांबायला सांगता येत नाही.

एका तालुक्यापुरते बोलायचे तर गरज थोडी आहे. पंधरा दिवसांतून एकदा, आठदहा आशा सेविका आणि जिल्हा कार्यक्रमातील समुपदेशक किंवा मनोविकार परिचारिका यांनी दोन तास एकत्र बसावे. कोणाचे नाव न घेता, ‘माझ्याकडे अशी एक बाई आहे’ असे बोलता यावे. तातडीच्या प्रसंगी त्याच दिवशी ज्याला फोन करता येईल असा एक माणूस, त्याच्या सुट्टीच्या दिवशी दुसरा. प्राथमिक केंद्रात नैराश्याचे साधे औषध संपलेले नसावे. ‘हे माझ्याच्याने होणार नाही’ असे म्हणण्याची मुभा असावी. जिच्या स्वतःच्या घरात नुकतीच आत्महत्या झाली आहे, तिला हे प्रश्न विचारत फिरायला लावणे क्रूर आहे.

राष्ट्रीय आरोग्य अभियानाखाली प्रत्येक राज्य आपल्या खर्चाचा आराखडा केंद्राकडे पाठवते, आणि त्याची सुरुवात जिल्ह्याच्या आराखड्यापासून होते. त्यात प्रशिक्षणाचा खर्च मांडलेला असतो: सभागृह, जेवण, पुस्तिका, मानधन. म्हैसूर जिल्ह्याचा पुढचा आराखडा हाती आला की मी त्यात एवढेच शोधणार आहे, की शिबिरानंतरच्या महिन्यांत बायकांनी त्या दोन तासांच्या बैठकीला यावे यासाठी बसभाडे आणि बुडालेल्या वेळेचा मोबदला कोणत्या शीर्षाखाली धरला आहे.